टँकर केवढा घ्यावा?

माणदेशात ट्रॅक्टर घेताना नांगरट-पेरणीचा विचार जेवढा होतो, तेवढाच पाणी ओढण्याचाही होतो. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही भरवशाचा नाही. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, आटपाडीकडे जाते खरी, पण वर्षातले बरेच महिने तिचं पात्र कोरडंच असतं. उरमोडी, टेंभू, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी काही गावांपर्यंत पोचलं, तरी कालव्यापासून लांब आणि उंचावर असलेल्या वाड्यावस्त्यांना उन्हाळ्यात टँकरवाचून गत्यंतर नसतं. आटपाडीकडचा डाळिंबवाला बाग जगवण्यासाठी पाणी विकत घेतो. २०१२-१३ आणि पुन्हा २०१९ मध्ये माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी चालवली, तेव्हा चाऱ्याबरोबर पाणीही बाहेरूनच आणावं लागलं. त्यामुळे ट्रॅक्टरमागे लावायचा टँकर हे इथल्या शेतीचं नेहमीचं अवजार झालं आहे. तो बनवून घ्यायला वर्कशॉपमध्ये गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रॅक्टर किती एचपीचा? पंचेचाळीस-पन्नास म्हटलं, की पाच हजार लिटरचा टँकर बिनधास्त घ्या, असं सांगितलं जातं. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. भरलेला टँकर मागे असताना तुमच्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट उतारावर ट्रॅक्टर किती अंतरात थांबतो, हे आधी पाहा आणि लिटरचा आकडा त्यावरून ठरवा.

आधी एचपीचं पाहू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटरचं पाणी पाच टन, दोन चाकी टँकरचं लोखंड, टायर, एक्सल धरून आणखी सव्वा टन समजा. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा, मागच्या दोनच चाकांना जोर असलेला साधा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा असतो. म्हणजे जोडीचं वजन सव्वाआठ टनांच्या घरात जातं, आणि ओढणारा ओढल्या जाणाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो. आता वस्तीकडे जाणारी मुरमाची वाट घ्या, बारा मीटरला एक मीटर चढाची. चाकांच्या फिरण्याला मुरूम जो अडथळा करतो तो वजनाच्या साडेचार टक्के धरा, चढाचे आठ टक्क्यांहून थोडे जास्त. दोन्ही मिळून हजार-साडेदहाशे किलोचा ओढ लागतो. ताशी पाच किलोमीटरने हा चढ चढायला चाकांपाशी फक्त एकोणीस-वीस एचपी पुरतात. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद मोजली तरी पंचेचाळीसचं इंजिन निवांत आहे. तरीही अशा वाटेवर ट्रॅक्टर अडकतात, कारण अडचण इंजिनात नसून चाकाखाली असते. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचं स्वतःचं बाराशे किलो आणि हूकवर टेकलेल्या दांड्यामुळे आलेलं सात-साडेसातशे किलो, असं मिळून दोन टनांच्या आतबाहेर वजन असतं. सुट्या मुरमावर त्यातलं चाळीस-बेचाळीस टक्केच ओढण्याच्या कामी येतं, म्हणजे आठशे किलोच्या आसपास. लागतो हजाराच्या वर, मिळतो आठशे. चाक जागेवर फिरायला लागतं, चालक क्लच सोडून झटका देतो, आणि ट्रॅक्टर मागे घरंगळू लागतो. पन्नासच्या जागी साठ एचपी आणले, पण ट्रॅक्टरचं वजन आणि टायर तेवढेच राहिले, तर चाक जास्त जोरात फिरेल, एवढाच फरक.

तीन हजार लिटरचा टँकर लावला तर? पाणी तीन टन, लोखंड सुमारे नऊशे किलो, जोडी एकोणसाठशे किलोची. त्याच चढावर साडेसातशेचा ओढ लागतो आणि पकड मिळते सातशेच्या थोडी वर. म्हणजे तोही काठावरच. मागच्या टायरांत पाणी भरून तीनशे किलो वाढवले की हिशेब जुळतो: ओढ आठशेच्या आत, पकड आठशे चाळीस. पाच हजाराच्या टँकरला हीच युक्ती केली तरी पकड साडेनऊशेपर्यंत येते आणि ओढ मात्र आणखी वाढून अकराशेला टेकतो. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या वाटेवरचा मुरूम घट्ट दाबलेला असेल तर ते सुधारतील, काळी माती ओली असेल तर फार बिघडतील. पण कल बदलत नाही: टँकरमधलं पाणी वाढवलं की ओढ पूर्ण वजनाच्या हिशेबाने वाढतो, आणि पकड वाढते ती हूकवर टेकलेल्या थोड्या वजनाच्या हिशेबाने.

चढावर अडकलेला ट्रॅक्टर ब्रेक दाबून निदान उभा तरी करता येतो, उतारावर ती सोय नसते. दोन चाकांच्या ओढीच्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्याच दोन चाकांना असतात आणि बहुतेक टँकरांना ब्रेकच नसतात. म्हणजे सव्वाआठ टनांची सगळी जोडी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांनी रोखायची. कोरड्या सपाट डांबरावर एकटा ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटरवरून ब्रेक लागल्यावर नऊ-दहा मीटरांत थांबू शकतो. भरलेला टँकर मागे असेल तर त्याला वीस मीटर लागतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातल्या रस्त्याचा अपवादात्मक चढ सात टक्के, म्हणजे साधारण चौदास एक, धरलेला आहे. फलटण-दहिवडी रस्त्यावरच्या मोगराळे घाटासारख्या ठिकाणी असा उतार लागला असं समजा. तिथे ३० च्या वेगाने पस्तीस मीटर आणि ४० च्या वेगाने साठ मीटरांहून जास्त अंतर लागेल. पाय ब्रेकवर जाईपर्यंत जाणारे आठ-दहा मीटर त्यात धरलेले नाहीत. हे झालं डांबराचं. वस्तीच्या बारास एक उताराच्या मुरमाट वाटेवर ताशी २० वरूनही तीस मीटर लागतात, आणि वळवाची एक सर येऊन वरचा थर निसरडा झाला की तेच अंतर नव्वद मीटरांच्या पुढे जातं. ब्रेक दाबलेला असतो, मागची चाकं रोवलेली असतात आणि तरीही टँकर ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. त्यात वळण आलं तर टँकरचा रेटा ट्रॅक्टरच्या बाजूवर येतो आणि ट्रॅक्टर दांड्याभोवती आडवा फिरतो. उतारावर उलटलेल्या टँकरची गोष्ट सांगताना लोक ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात. पुष्कळदा ब्रेक शाबूत असतो, मागच्या वजनाला तो पुरा पडत नाही, इतकंच.

ही आपलीच अडचण आहे असं नाही. अमेरिकेत लोक पिकअप ट्रकमागे राहण्याची चाकांवरची खोली, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, लावून प्रवासाला निघतात. तिथेही जाहिरातीत ‘इतके टन ओढतो’ हा आकडा मोठा करण्याची कंपन्यांत चढाओढ होती. शेवटी वाहन अभियंत्यांच्या संघटनेने मोजणीचं एक सामाईक मानक ठरवलं. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर भरल्या वजनानिशी गाडी चढवून पाहतात, आणि गाडीचं वळणं व थांबणंही तपासतात. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, असा नियम आहे. पाऊण टनाच्या वर ब्रेक सक्तीचा, आणि आपण मात्र सहा टनांच्या टँकरमागे फार तर लाल रंगाचा पट्टा मारतो. त्यांच्याकडून उचलण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे: ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हूकवर यावा, हा अमेरिकेतला प्रचलित ठोकताळा. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागे झोके घेतो, जास्त आला तर ओढणाऱ्या गाडीचं तोंड उचललं जातं. आपल्या दोन चाकी टँकरलाही हे लागू आहे, फक्त ट्रॅक्टरच्या बाबतीत तोंड उचलण्याचा धोका फार मोठा. चढावर पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या वीस टक्के तरी भार राहिला पाहिजे. तो राहिला नाही तर स्टिअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवाचा. गावात दहा टँकर पाच हजारांचे आहेत, वर्षानुवर्षं चालतात, कुणाचं काय झालं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. हे टँकर बहुतेक खेपा कोरड्या हवेत, ओळखीच्या वाटेवर, सावकाश आणि लो गिअरमध्ये करतात. त्या परिस्थितीत वरच्या हिशेबानेही ते चालायलाच हवेत. पण हिशेबात शिल्लक काहीच राहत नाही. सातारा-पंढरपूर रस्त्यावर समोरून अचानक मोटरसायकल आडवी आली, वळवाचा पाऊस पडला, चालक नवा निघाला किंवा दोन ब्रेक पायडलांमधली कडी लावायची राहिली, यातली एकच गोष्ट झाली तर सावरायला जागा नसते. शंभर खेपा सुरळीत झाल्या म्हणून शंभराव्यापुढच्या खेपेला उताराने वेगळा नियम लावलेला नसतो. शिवाय जे ‘काही झालं नाही’ त्यात वर्षाआड बदललेली क्लच प्लेट, घासलेले ब्रेक लायनर, वाकलेली हूकची पट्टी आणि फुटलेले टायर कुणी मोजत नाही.

दुसरा आक्षेप असा की मग ट्रॅक्टरच मोठा घ्यावा. घ्यावा, पण आकडा वजनाचा पाहून. मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांची चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात प्रत्येक मॉडेलचं पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन, वजनं लावून आणि न लावता हूकवर मिळणारा जास्तीत जास्त ओढ, ब्रेकची चाचणी, हे सगळं असतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. किमतीच्या घासाघिशीत तो कुणी मागत नाही, म्हणून दाखवलाही जात नाही. मात्र त्यातला ओढ काँक्रीटच्या ट्रॅकवर मोजलेला असतो आणि ब्रेक एकट्या ट्रॅक्टरचे तपासलेले असतात, तेव्हा तो आकडा तुमच्या मुरमावर जसाच्या तसा उतरणार नाही. चारही चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर मात्र खरोखर उपयोगाचा आहे, आणि तो केवळ चढावर नव्हे. बऱ्याच मॉडेलांत पुढचा ओढ चालू ठेवला की मागच्या ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो, त्यामुळे उतारावरही पकड वाढते. वस्ती डोंगरावर असेल आणि पैशांची सोय होत असेल, तर दहा एचपी वाढवण्यापेक्षा हा पर्याय घ्यावा, असं माझं मत आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. पंधरा हजार लिटर पाणी आणायचं तर पाच हजाराच्या टँकरला तीन खेपा, तीन हजाराच्याला पाच. जाताना भरलेला आणि येताना रिकामा असा दोन्ही बाजूंचा टनांचा हिशेब मांडला तर लहान टँकरला एकूण सुमारे तीस टक्के जास्त वजन हलवावं लागतं. डिझेलही साधारण त्याच मानाने जास्त जाईल, चालकाचे तासही वाढतील. हे नाकारण्यात अर्थ नाही. डाळिंबाच्या बागेला उन्हाळाभर पाणी घालणाऱ्याला हा खर्च झोंबणारच. पण हा हिशेब सगळी वाट एकसारखी धरून केलेला आहे, आणि माणदेशात वाट एकसारखी कधीच नसते. दहा किलोमीटरांतले आठ-नऊ डांबरी आणि बऱ्यापैकी सपाट, शेवटचा एखादा किलोमीटर चढ-उताराचा आणि कच्चा, अशी बहुतेक वाड्यांची स्थिती. त्या शेवटच्या किलोमीटरसाठी सगळी वाट लहान टँकर ओढण्याची गरज नाही, आणि सपाट वाटेच्या सोयीसाठी त्या किलोमीटरवर जीव टांगणीला लावण्याचीही नाही.

यातून निघणारा मार्ग साधा आहे, आणि आश्चर्य म्हणजे फार थोडे लोक तो वापरतात. डांबरी रस्त्याच्या कडेला, जिथे चढ सुरू होतो तिथे, एक टाकी किंवा अस्तरीकरण केलेला हौद ठेवा. मोठा टँकर तिथवर येऊन पाणी ओतेल. तिथून वर पंपाने चढवा. तीस मीटर उंचीवर पाच हजार लिटर पाणी चढवायला, साध्या पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली आणि पाइपातलं घर्षणही मोजलं, तरी युनिट-सव्वा युनिट वीज लागते. वीज नसेल तर डिझेल पंपही हेच काम थोडक्या डिझेलवर करतो. ट्रॅक्टरने तेच पाणी वर न्यायचं म्हणजे पाण्याबरोबर सव्वातीन टन लोखंड आणि रबर दर खेपेला डोंगर चढवायचं, आणि वर तोच उतार उतरायचा. पाइपाचा खर्च एकदाच होतो, तो चार-सहा घरांनी वाटून घेतला तर आणखी हलका. जिथे पाइप नेता येत नाही, तिथे पिकअपवर ठेवलेली दीड हजार लिटरपर्यंतची प्लास्टिकची टाकी बरी. तिचं सगळं वजन ब्रेक असलेल्या चारही चाकांवर असतं. पिकअपच्या कागदावर लिहिलेली भार-मर्यादा टाकीच्या वजनासकट पाळायची, ही अट मात्र आहेच.

तरीही टँकर घ्यायचाच, तर आपल्या जोडीचे खरे आकडे काढून घ्यावेत. त्यासाठी वजनकाटा पुरतो, तो साखर कारखान्यावर, खडी क्रशरवर, बाजाराच्या गावात असतोच. आधी एकटा ट्रॅक्टर तोला: पूर्ण, आणि मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. नंतर भरलेला टँकर जोडून सगळी जोडी तोला. मग टँकर जोडलेला असतानाच ट्रॅक्टरची चारही चाकं काट्यावर आणि टँकरची चाकं काट्याबाहेर ठेवून तोला. एकट्या ट्रॅक्टरपेक्षा जितके किलो वाढले तितका भार हूकवर आहे. शेवटी याच स्थितीत पुन्हा फक्त पुढची चाकं तोला. सपाटीवरच ती ट्रॅक्टरच्या वजनाच्या पंचवीस टक्क्यांखाली आली असतील, तर चढावर वीस टक्के राहणार नाहीत. पुढे वजनं लावा, किंवा टँकरचा एक्सल थोडा पुढे घ्यायला सांगा. जोडीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या तिपटीपेक्षा जास्त भरलं आणि टँकरला ब्रेक नसेल, तर मी त्या जोडीला घाटात किंवा कच्च्या उतारावर नेऊ नये असं म्हणेन. ही माझी मर्यादा आहे, सरकारी नियम नव्हे. पण वरचे अंतराचे आकडे पाहिले तर ती फार कडक वाटणार नाही. दोन टनांच्या ट्रॅक्टरला या मर्यादेत तीन हजार लिटर बसतं, पाच हजार बसत नाही.

वर्कशॉपमध्ये टँकर सांगताना रंग आणि नाव कसं लिहायचं यापेक्षा चार गोष्टींवर अडून बसा. पहिली, टँकरला स्वतःचा ब्रेक. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारा किंवा हवेचा, कुठलाही चालेल. टँकर पुढे ढकलू लागला की दांड्याच्या दाबाने आपोआप लागणारा ब्रेकही बनतो, पण तो चांगल्या कारागिराकडूनच करून घ्यावा. खर्च होईल, मात्र याच एका खर्चाने वरचं थांबण्याचं अंतर निम्म्याने खाली येऊ शकतं. दुसरी, टाकीच्या आत भोकं पाडलेले आडवे पडदे. अर्धा भरलेला टँकर हलका म्हणून सुरक्षित, असा समज आहे. तो खोटा आहे. ब्रेक मारला की मोकळं पाणी एकदम पुढे धावतं, वळणावर एका अंगाला चढतं आणि टँकर कलंडवतं. टँकर एक तर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामा न्या, आणि पडदे तरीही असू द्या. तिसरी, दांड्याची उंची. ट्रॅक्टरचा हूक मागच्या एक्सलच्या पातळीपेक्षा खाली असला पाहिजे. उंच टँकरला जमवून घेण्यासाठी हूक वर चढवणं म्हणजे ट्रॅक्टरला मागे उलटण्याचं आमंत्रण. चौथी, टायर. ट्रकचे काढलेले टायर स्वस्त मिळतात, पण प्रत्येक टायरच्या भिंतीवर त्याने किती भार घ्यावा हे छापलेलं असतं. पाच हजाराच्या टँकरच्या दोन टायरांना मिळून साडेपाच टन पेलवत नसतील, तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

चालवण्याच्या बाबतीत सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. माहीत असून केलं जात नाही, ही गोष्ट वेगळी. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून सोडलेली जोडी इंजिनाचा अडथळा गमावते, आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही. शेतात वळण्यासाठी सुटी केलेली ब्रेक पायडलं डांबरावर येण्याआधी कडीने जोडायची, नाहीतर जोरात दाबलेला ब्रेक एकाच चाकाला लागतो आणि ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. हूकच्या खिळीला वरून चाप आणि शिवाय एक साखळी. मागे लाल रिफ्लेक्टर, कारण अंधारात उभा राहिलेला टँकर मागून येणाऱ्याला दिसतच नाही. उसाच्या हंगामात टेंभूच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, त्यांच्याबाबत याच गोष्टी दुप्पट खऱ्या आहेत. तिथे तर ऊसतोड कामगारांची बायका-मुलं संसारासकट ट्रॉलीत बसवून नेतात, शिंगणापूरच्या चैत्र यात्रेलाही लोक ट्रॉलीतूनच जातात. ब्रेक नसलेल्या चाकांवर माणसं बसवण्याला कुठलाही हिशेब लागू पडत नाही. त्यांच्यासाठी वेगळं वाहन करावं.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करणं महागात जातं. ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांची नोंदणी वेगळी असते, तेव्हा टँकरची स्वतंत्र नोंदणी आणि विम्यात त्याचा उल्लेख आहे का ते पाहा. शेतीच्या वापरासाठी विमा उतरवलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने पाणी वाहिलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी वापरावरून आक्षेप घेऊ शकते. भाड्याचा धंदा करायचा असेल तर विमा तसाच उतरवावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनामागे दोन हजार, असा दंड आहे. नोंदणीच्या कागदावर लिहिलेलं वजन आणि वर्कशॉपने बनवून दिलेला टँकर यांचा मेळ बसत नसेल, तर तो फरक तुमच्या खिशातून जाणार.

एक गोष्ट मालकाच्या हातात आहे आणि तिला पैसाही फार लागत नाही. बहुतेक ठिकाणी चालकाला खेपेवर पैसे मिळतात. खेपा वाढल्या की त्याची कमाई वाढते, म्हणून उतारावर वेग, न्यूट्रल आणि रात्रीच्या खेपा या तिन्ही गोष्टी आपोआप येतात. मालकाने कितीही बजावलं तरी संध्याकाळी पैसे मोजताना दुसरंच शिकवलं जातं. त्याला दिवसाच्या मजुरीवर ठेवा, खेपांची संख्या तुम्ही ठरवा आणि पाऊस झाल्यावर कच्च्या वाटेची खेप रद्द करण्याचा अधिकार त्याला द्या, त्या दिवसाची मजुरी न कापता. टँकरच्या दांड्यावर, चालकाला बसल्या जागेवरून दिसेल असं, भरलेल्या जोडीचं वजन रंगवून घ्या. वर्कशॉपवाला ते फुकट लिहून देईल.